स्कार्लेट ब्रदरहुड: खाली चोर, वर भिक्षू

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळासाठी गॅरी गायगॅक्सने रचलेले ग्रेहॉकचे जग १९८० मध्ये छापून आले. त्याच्या नकाशात दक्षिणेला, टिल्व्हानॉट द्वीपकल्पावर, ‘स्कार्लेट ब्रदरहुड’ या गुप्त संघाचे ठाणे आहे. जुन्या सुएल वंशाचे श्रेष्ठत्व हे त्यांचे वेड. परक्या दरबारांत आपली माणसे पेरणे ही रीत. उतरंडीत चोर तळाला, त्यांच्यावर मारेकरी आणि सत्ता भिक्षूंच्या हाती.

हे भिक्षू जपमाळ ओढणारे नव्हेत. १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीतून हा नि:शस्त्र लढवय्या खेळात आला; १९७८ च्या नियमपुस्तकात त्याची विद्या नीट बांधली गेली. सुरुवातीला तो इतका लेचापेचा, की एखादा गॉब्लिनही लोळवील. तेराव्या पातळीवर मात्र ‘क्विव्हरिंग पाम’ साधतो: नुसता स्पर्श, आणि शत्रूचा मृत्यू काही दिवसांनी, भिक्षूच्या मर्जीने. हेरांच्या संघाला याहून सोयीचे हत्यार कोणते?

त्याच नियमपुस्तकानुसार आठव्या पातळीच्या वर प्रत्येक पायरीवर जगात एकच भिक्षू. बढती हवी, तर वरच्याला गाठून द्वंद्वात हरवायचे. शस्त्र नाही, जादू नाही. सतरावी, शेवटची पायरी म्हणजे ‘ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स’. खेळणाऱ्याला हा नियम जाचक, पण कथेला यासारखे खाद्य नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ नियमपुस्तकातून भिक्षू वगळला गेला. १९९९ मध्ये शॉन के. रेनल्ड्सने या संघावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यातच भिक्षूचे नियम परत दिले.