मानमोडी आणि कोंबडीची प्रतिकारशक्ती

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्याच्या मांगली गावी जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव सिद्ध झाल्यावर, शेजारच्या गडचिरोलीतही खुराड्यातल्या चार कोंबड्या एकदम मेल्या की तोच रोग आला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या मुलखातील परसातल्या कोंबड्यांचा जुना वैरी निराळा असून, लोक त्याला मानमोडी म्हणतात आणि पशुवैद्यकाच्या दप्तरी त्याची नोंद राणीखेत या नावाने होते. त्याचा विषाणू इन्फ्लुएन्झाच्या कुळातला नव्हे. हिरवट हगवण, चोच उघडी ठेवून चाललेली धाप, लुळे पंख आणि पिळवटलेली मान ही त्याची लक्षणे खरी. तथापि पहिल्याच तडाख्यात मेलेल्या पक्ष्यावरून दोन्ही रोगांतला भेद डोळ्यांना कळत नाही, तो प्रयोगशाळेतच ठरतो, म्हणून मरतुकीची वर्दी पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ द्यावी.

रानात किडे-दाणे टिपून वाढलेली गावठी कोंबडी काटक, तिला मानमोडी होत नाही, हाही एक दृढ समज आहे. तिचा काटकपणा खरा, पण ज्या विषाणूची शरीराला ओळखच नाही त्याच्यापुढे तो पुरा पडत नाही, आणि लस न दिलेल्या कळपात तीव्र प्रकार शिरला तर एटापल्ली-भामरागडकडचे अख्खे खुराडे आठवड्यात रिकामे होऊ शकते. जी कोंबडी वाचते तिच्या रक्तातली प्रतिपिंडे अंड्याच्या बलकातून पिलांना मिळतात, परंतु ही शिदोरी थोड्याच आठवड्यांत संपते.

मला सर्वांत घातक वाटतो तो समज असा, की शरीर जितक्या आवेशाने झुंजेल तितका पक्षी वाचण्याचा संभव अधिक. विषाणूच्या अंगावर फ्यूजन नावाचे प्रथिन असते आणि ते विशिष्ट जागी चिरले गेल्याखेरीज विषाणूला पेशीत शिरता येत नाही. लासोटा किंवा एफ या सौम्य प्रकारांत ते चिरणारी विकरे मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यातच असतात, त्यामुळे विषाणू तेथेच अडून राहतो, आणि शरीराला अवधी मिळून अश्रूंत, श्लेष्म्यात व रक्तात प्रतिपिंडे संथपणे तयार होतात. तीव्र प्रकारात मात्र चिरण्याच्या जागेची रचनाच अशी बदललेली असते, की जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारे फ्यूरिन हे विकर ते काम उरकते; मग विषाणू प्लीहेत शिरतो, आणि ज्या बर्सा ग्रंथीत प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशींची जडणघडण होते तिच्यातही शिरतो. तेथे इंटरफेरॉन आणि दाह वाढवणारी इतर द्रव्ये पुराच्या लोंढ्यासारखी स्रवतात, परंतु विषाणूचे व्ही नावाचे प्रथिन इंटरफेरॉनचा हुकूम पेशींपर्यंत पोहोचू देत नाही, आणि तो दाह शत्रूऐवजी स्वतःच्याच लसीकापेशींचा नाश करतो. असा मृत पक्षी उघडला असता जठराच्या ग्रंथिल भागाच्या आतल्या अस्तरावर पुष्कळदा रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर लागतो, आणि तेवढी मुदत या पक्ष्याला मिळत नाही.

यावरूनच, जालीम लस लवकर टोचली म्हणजे पिलू पक्के होते, ही समजूत किती अनर्थकारक आहे ते कळेल. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत सिद्ध झालेली आर-टू-बी ही लस मध्यम तीव्रतेच्या विषाणूची आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्याला टोचावयाची असते, कोवळ्या पिलाला तिनेच रोग जडू शकतो. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत पुरे, कारण सौम्य आणि तीव्र हे सर्व प्रकार प्रतिपिंडांच्या दृष्टीने एकाच जातीचे आहेत आणि सौम्याशी झालेली ओळख तीव्राविरुद्धही उपयोगी पडते. मात्र लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे, आणि चंद्रपूरच्या वैशाखात दवाखान्यापासून पाड्यापर्यंत बर्फाच्या डब्याचा बंदोबस्त नसेल तर टोचणीची सारी खटपट फुकट जाते. आजारी पडलेल्या कोंबडीला मात्र लस देऊन उपयोग नाही, कारण लस म्हणजे औषध नव्हे.

लस दिलेला पक्षी मरणातून वाचतो, पण विष्ठेवाटे तीव्र विषाणू बाहेर टाकू शकतो. आठवडी बाजारातून किंवा कोंबडबाजारातून आणलेला तुकतुकीत कोंबडाही त्याला अपवाद नसतो. रोगाची लक्षणे दिसायला २ ते १५ दिवस लागतात, तेव्हा नवा पक्षी निदान पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावा.