उमटलं पाहिजे!

‘दोन वर्षांचा नातू चित्राच्या रेघेत रंग भरत नाही, सगळीकडे फराटे ओढतो. कसं शिकवावं?’ असं एका आजींनी विचारलं आहे. सोबत पानाचा फोटोही आहे. पानावर छापील हत्ती आहे आणि त्याला तुडवत थेट कडेबाहेर गेलेला हिरवा खडू. (पुढचा फराटा बहुधा टेबलावर असणार.)

आजी, शिकवू नका. या वयात हात हलतो तो मुख्यतः खांद्यातून आणि कोपरातून. खडू असतो मुठीत. तीन बोटांत पेन्सिल धरून ती नुसत्या बोटांनी फिरवणं साधारण पाचव्या-सहाव्या वर्षाकडे जमू लागतं. शिवाय तो हत्ती छापणाऱ्याचा. नातवाला त्याचं काय?

त्याला कशात रस असतो, हे एका साध्या प्रयोगाने दाखवलं आहे. जेम्स गिब्सन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात विमान उतरवताना वैमानिकाला जमीन कशी दिसते, याचा अभ्यास करणारा हा माणूस पुढे चिमुकल्यांच्या गिरगोट्यांकडे वळला, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९६८ मध्ये पॅट्रिशिया योनास यांच्यासोबत त्यांनी लहान मुलांच्या हातात दोन साधनं दिली. एक कागदावर उमटणारं, दुसरं न उमटणारं. हात हलवण्याची मजा दोन्हींत तीच. पण काहीच उमटेना, तशी मुलांनी ते साधन लवकर बाजूला ठेवलं. म्हणजे ओढ नुसत्या हालचालीची नव्हे. आपण हात हलवला आणि तिथे काहीतरी राहिलं, याची आहे.

हे लक्षात घेतलं की टॅबलेटवरच्या ‘मेंदूविकासा’च्या रंगवण्याच्या अॅपबद्दल माझी भुवई का उंचावते ते कळेल. बोट टेकवलं की अख्खा हत्ती हिरवा! हात कुठून कुठे गेला, किती जोर लावला, याचा त्या रंगाशी काही संबंधच उरत नाही. मेणखडू मात्र दाबला तर गडद, हलका फिरवला तर फिका उमटतो. कागदाखाली जाळीदार टोपली असेल तर तिची वीणसुद्धा वर येते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बालवाडीत काम करणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी मुलांची सुमारे दहा लाख चित्रं जमवली आणि गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार मांडले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, गुंडाळत जाणारी वेटोळी वगैरे. वर्तुळात फुली मारलेल्या ‘मंडला’चं त्यांना फारच प्रेम होतं, नंतरच्या अभ्यासकांना ते इतकं सर्रास सापडलं नाही. पण ज्या कागदांची घरोघरी रद्दी होते, ते जपून तपासायचे असतात हे त्यांना सुचलं, तेवढ्यासाठी मी मंडल माफ करतो.

मग घरी करायचं काय? ओला ब्रश आणि शहाबादी फरशी. कोरडी फरशी पाण्याने काळी पडते, थोड्या वेळाने पुन्हा पाटी कोरी. अंगण असेल तर खडू आणि गेरू. कागद मोठा द्या, चारी कोपरे चिकटवा, म्हणजे तो सरकत नाही. खडू जाड आणि आखूड हवा, पण तोंडात मावेल इतका लहान नको.

माझा आवडता खेळ हळदीचा. हळदीचं पाणी कागदावर फासून वाळवा. वाटीत खायचा सोडा पाण्यात विरघळवून ब्रश मुलाच्या हाती द्या. पिवळ्यावर तांबूस रेघ उमटते, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच किमया. मूल सोड्याचं पाणी पिणार नाही एवढं बघा आणि जुना सदरा घाला. हळदीचा डाग जाता जात नाही.

आणि ‘हे काय काढलंस?’ असं लगेच विचारू नका. फ्रान्सच्या जॉर्ज-आंरी ल्यूके यांनी आपल्या मुलीची, सिमोनची, चित्रं वर्षानुवर्षं टिपून ठेवली. १९१३ मध्ये त्यांवर पुस्तकही लिहिलं. त्यांच्या मते मूल आधी रेघा ओढतं, मग त्यांत काहीतरी योगायोगाने दिसतं आणि नाव त्यानंतर पडतं. त्यामुळे तुमचा नातू त्याच वेटोळ्याला आता ‘भूभू’ म्हणेल आणि दुपारी ‘बस’. दोन्ही वेळा तो खरंच बोलत असेल.