पांडुरोग की सिकलसेल? निदानापूर्वी लोहकल्प नको

विदर्भातील आपल्या समव्यवसायी बंधू-भगिनींकडे पांडुरोगाचे रुग्ण नित्य येतात. निस्तेज त्वचा, नेत्रांत पीतता, सांधेदुखी, वाढलेली प्लीहा अशी लक्षणे दिसली की शोधन आणि त्यानंतर मंडूर किंवा नवायस लोह, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु यांपैकी काही रुग्ण सिकलसेलचे असतात आणि तेथे हाच क्रम अपायकारक ठरू शकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आली. पांडु समजून आम्ही दोन महिने मंडूर दिले, पुढे विरेचन योजिले. दुसऱ्याच दिवशी हातपाय व पाठीत असह्य वेदना सुरू होऊन तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. आधी एक साधी रक्तचाचणी करविली असती तर निदान चुकले नसते.

विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. भारतात हा विकार १९५२ साली नोंदला गेला, तर मध्य भारतातील त्याची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन गोठून पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. तीव्र वेदनांचे मूळ येथे आहे. सामान्य रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते. पांडुता व कामला त्यामुळेच उद्भवतात.

म्हणजेच येथे लोहाचा अभाव हे मूळ कारण नव्हे. फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात त्याचा अतिसंचय होतो. लोहाची कमतरता चाचणीने सिद्ध झाल्यावाचून लोहकल्प देऊ नयेत. वमन-विरेचनाने जलांश घटतो, रक्त दाट होते व वेदनांचा झटका येऊ शकतो. नागपूरच्या वैशाखातील उन्हात हा धोका अधिकच वाढतो.

सुश्रुतांच्या वर्गीकरणात हा व्याधी आदिबलप्रवृत्त म्हणता येईल. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. वाहक हा रुग्ण नव्हे, हे कुटुंबास आवर्जून सांगावे. मात्र विवाहापूर्वी दोहोंची तपासणी व्हावी.

कुटुंबात कोणास असा त्रास आहे काय, वेदनांचे झटके वारंवार येतात काय, रक्त चढवावे लागले काय, हे प्रश्न प्रत्येक पांडु रुग्णास विचारावेत. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक असून तिने वाहक व रुग्ण यांतील भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी आवश्यक आहे. ज्वर, छातीत वेदना, श्वासकष्ट, अचानक वाढलेली प्लीहा किंवा पक्षाघाताची लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. हायड्रॉक्सीयुरिया चालू असल्यास ते बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये. भरपूर जलपान, अतिश्रम व अतिशीत यांपासून रक्षण, पथ्यकर आहार व मनोधैर्य ही आपली मोलाची मदत होय.

औषधी दुकानदारांनीही चिठ्ठीवाचून लोहकल्प व विरेचक चूर्णे मागणाऱ्या फिकट, पिवळसर ग्राहकास प्रथम तपासणीचा सल्ला द्यावा.

२०२३ साली केंद्र शासनाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. खेड्यातील रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडेच येतो. म्हणून या कार्याचा आरंभ आपल्या चिकित्सालयातून व्हावा, एवढीच विनंती.