दारूबंदी, परवाना आणि संयम

महाराष्ट्रातली दारूबंदी केव्हाच उठली, आता पिणे न पिणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न उरला, ही समजूत सुशिक्षितांतही इतकी दृढ झाली आहे की, 1949 चा दारूबंदी अधिनियम अद्याप अमलात आहे असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. वस्तुतः वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत परवान्याच्या अटी सैल झाल्या. कायदा रद्द झाला नाही. मद्य मुळात निषिद्ध आणि परवाना ही त्यातून दिलेली मुभा, अशी त्याची रचना असल्यामुळेच पिणाऱ्याला एका दिवसाचा, वर्षाचा किंवा तहहयात परवाना घ्यावा लागतो आणि कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षे पुरी व्हावी लागतात. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर ही मुभाही नाही. बंदोबस्त आणि महसूल ही दोन्ही कामे एकाच खात्याच्या शिरावर असल्याने अंमलबजावणी ढिली पडते, हे मात्र खेदाने मान्य केले पाहिजे.

विषारी दारूचे बळी केवळ बंदीमुळेच जातात, हा आक्षेपही तपासून घ्यावा. 2015 च्या जूनमध्ये मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती परवानाधारक दुकाने राजरोस उघडी असलेल्या मुंबई शहरात. स्वस्ताईच्या लोभाने गोरगरिबांच्या गळी विष उतरवणारा धंदा बंदी नसतानाही चालतो.

परंतु सरकारने कितीही तजवीज केली, तरी परवाना वय पाहतो, पेला मोजत नाही. तेथून पुढे जबाबदारी पिणाऱ्याची. आणि येथेच सर्वांत घातक गैरसमज आड येतो, तो म्हणजे बिअर ही जवळजवळ सरबतच. हिशेब करून पाहावा: 8 टक्के मद्यार्काच्या 650 मिलिलिटर स्ट्राँग बिअरमध्ये 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, तर 42.8 टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीच्या 30 मिलिलिटर पेगमध्ये सुमारे 13. म्हणजे ज्याने 'एकच बाटली' घेतली, त्याने चार पेग घेतले. थोडी घेतली तर हृदयाला हितकारकच, असे सांगणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचे 2023 चे निवेदन वाचावे: मद्याचे आरोग्यास निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. संयमाने अपाय घटतो, नाहीसा होत नाही.

राहता राहिला गावातल्या दुकानाचा प्रश्न. परवाना वरून आला, आपल्या हाती काय, असे म्हणून गावकरी स्वस्थ बसतात; पण 2008 च्या आदेशान्वये 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते, एक आडवी. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद होते. ज्या माताभगिनींच्या संसाराला या दुकानाची झळ पोचते आहे, त्यांनी हा हक्क बजावावा आणि पुरुषांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.