एक गुण पलीकडच्या टेबलाला

मंगळवारची संध्याकाळ. लंडनमधल्या एखाद्या पबच्या मागच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर लावलेली. प्रत्येक टेबलाशी चौघे, मध्ये प्रश्न वाचणारा, शेजारी गुण मांडणारा. मोबाइल बंद. १९९० साली सुरू झालेल्या ‘क्विझ लीग ऑफ लंडन’चा सामना आता रंगणार असतो.

पबमधल्या साप्ताहिक क्विझला कुणीही येतं, कागदावर उत्तरं लिहितं आणि घरी जातं. मंद धंद्याच्या दिवशी गिऱ्हाईक यावं, हा पबमालकाचा हेतूही त्यात असतो. लीगचं तसं नाही. तिथे संघ ठरलेले, हंगामभराचं वेळापत्रक ठरलेलं. एक सामना आपल्या पबात, दुसरा त्यांच्या पबात. त्यामुळे आज ज्यांच्याकडून हरलो, त्यांच्याच दारी काही आठवड्यांनी जायचं असतं.

या खेळाच्या जुन्या खुणा लिव्हरपूलच्या परिसरात सापडतात. तिथल्या बूटल भागात १९५९ साली संघटित क्विझ होत असल्याची नोंद मर्सीसाइडच्या लीगकडे आहे. १९७६ साली शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये एकूण ३२ संघ घेऊन तीन लीग उभ्या केल्या. पुढे हा पसारा दर आठवड्याला १०,००० संघांपर्यंत गेला. गोदी, कारखाने, कचेऱ्या यांतून दमून आलेल्या माणसांना आपलं वाचन आणि आपली स्मरणशक्ती पणाला लावायला हक्काची जागा मिळाली. तिथे पदवी कुणी विचारत नाही.

या खेळातली मैत्री मला त्याच्या नियमांतच दिसते. लंडनच्या लीगमध्ये आठ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत आठ प्रश्न. आठही खेळाडूंना दर फेरीत स्वतःचा एकेक प्रश्न मिळतो. एकट्याने अचूक उत्तर दिलं तर दोन गुण. अडलात तर सोबत्यांशी बोला. मग उत्तर बरोबर आलं तरी गुण एकच. तेही चुकलं, तर प्रश्न पलीकडच्या टेबलाकडे जातो आणि त्यांना एका गुणाची संधी मिळते.

म्हणजे दोन गुणांचा मोह सोडून ‘मला येत नाही’ हे आधी आपल्याच माणसांसमोर कबूल करायचं. आणि त्यांनाही जमलं नाही, तर उत्तर प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून ऐकायचं. हुकलेलं उत्तर समोरच्याने सांगितलं की ते पक्कं लक्षात राहतं. वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध खेळणारे संघ असे नकळत एकमेकांचे शिक्षक होतात. कोणाला नद्या पाठ, कोणाला ऑपेरा, कोणाला क्रिकेटचे आकडे, हे पलीकडच्या टेबलालाही ठाऊक असतं. उत्तरावरून वाद होतात, पण शेवटचा शब्द प्रश्न विचारणाऱ्याचा. अनेक लीगांमध्ये सामन्यानंतर यजमान संघ सँडविच मांडतो आणि तो वाद खाता-खाता मिटतो.

म्हणूनच पब बंद होण्याची बातमी या मंडळींच्या जिव्हारी लागते. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते. आज ते ५०,०००च्याही खाली आले आहेत. पब बंद झाला की संघाचं घरचं मैदान जातं.

भारतात या खेळाला पबचं छप्पर फारसं मिळालं नाही. नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्यात ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात क्विझ घेतली. आपल्याकडच्या संघटित क्विझची सुरुवात तीच मानतात. बंगळुरूत १९८३ साली कर्नाटक क्विझ असोसिएशन उभी राहिली. पुण्यात तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचं नाव घेऊन ‘बोट क्लब क्विझ क्लब’ जमला. पबऐवजी सभागृह, बिअरऐवजी चहा, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात एका शाहिराने कूट घालायचं आणि दुसऱ्याने ते सोडवायचं, ही रीत कितीतरी जुनी आहे. कूट सोडवणारा समोर बसलेला नसेल, तर ते घालण्यात गंमत ती काय? लंडनच्या त्या खोलीतही दर मंगळवारी पलीकडचं टेबल भरलेलं लागतं ते यासाठीच.