घोड्यास मीठ कळते, चुना कळत नाही

संस्कृत शिकणाऱ्यांस 'सैंधव' हा शब्द कधी ना कधी भेटतोच. सिंधूच्या मुलखातले मीठ ते सैंधव आणि त्याच मुलखातला घोडा तोही सैंधव. धनी जेवावयास बसला असता 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावे, प्रवासास निघाला असता म्हणाला तर घोडा आणावा, असे शास्त्रकार सांगतात. आम्ही मुधोळच्या आमच्या वर्गात हे सांगत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, घोड्याला काय कमी पडलंय, ते घोड्याला कळतं का?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. या मुलाच्या घरी वरातीचा घोडा आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मोठ्या हौसेने घेतलेला. काही महिन्यांपासून त्याचे तोंड डोळ्यांखाली दोन्ही बाजूंनी फुगत चालले होते आणि चाल अडखळत होती. आजोबांचे म्हणणे असे की, मुके जनावर आपल्याला हवे ते बरोबर निवडते. त्याच्यापुढे सर्व ठेवावे, ते आपले पाहून घेईल.

मिठापुरते आजोबा खरे आहेत. गवतात व कडब्यात सोडियम फार थोडे असते, कारण बहुतेक वनस्पतींना त्याची गरजच नसते. ते खाणाऱ्या जनावरास मात्र त्यावाचून जगता येत नाही. (आम्ही मूळचे मिठागरांच्या किनाऱ्यावरचे, मिठाचीही कोठे वाण असते, हे आम्हांस इकडे येऊन समजले.) त्यातून घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा पुष्कळच खारट. अमेरिकेत कर्ट रिश्टर यांनी १९३६ साली दाखविले की, मूत्रपिंडावरील ग्रंथी काढलेले उंदीर एरवी थोड्याच दिवसांत मरतात. पण मिठाचे पाणी जवळ ठेवले तर ते आपण होऊन भरपूर पितात आणि जगतात. घोड्यासही अशीच मिठाची ओढ असते. पाचशे किलो वजनाच्या, काम न करणाऱ्या घोड्याची गरज दिवसाला सुमारे २५ ग्रॅम मिठाने भागते. कॉर्नेल विद्यापीठात १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांपुढे मीठ मोकळे ठेवले, तेव्हा त्यांनी दिवसाला सरासरी ५३ ग्रॅम खाल्ले. मात्र कोणी १९, तर कोणी १४३! म्हणजे ओढ खरी, पण तीत आवडही मिसळलेली.

चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोष्ट अगदी निराळी. त्याच विद्यापीठात १९७८ साली घोड्यांना व तट्टांना कॅल्शियम कमी असलेला चारा देऊन जवळच कॅल्शियमचा पुरवठा ठेवून पाहिला. आपली उणीव भरून निघेल इतके त्यांनी ते खाल्ले नाही. हाडे झिजत असता त्यांची जीभ त्यांस काहीच सांगत नव्हती.

आता त्या मुलाच्या घरची चंदी पाहा. मुख्यत्वे गव्हाचा कोंडा. घोडा तो मिटक्या मारीत खातो, म्हणून घरचे अधिकच घालीत. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो आणि त्यामुळे आतड्यात कॅल्शियम नीट शोषले जात नाही. रक्तातील कॅल्शियम घटून तर चालत नाही. मग गळ्यातील लहान ग्रंथी हाडांतून ते काढून घेण्याचा हुकूम सोडतात. जबड्याची व तोंडाची हाडे पोकळ होऊ लागतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती भरते आणि तोंड फुगते. यूरोपात कोंडा हाताशी असणाऱ्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा विकार फार होई. त्यास गिरणीवाल्याचा रोग असेच नाव पडले होते.

गुरांच्या बाबतीत ओढ असूनही घात झाल्याचे उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेत फॉस्फरस कमी असलेल्या माळांवर चरणारी गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळीत आणि त्यांतील विषाने पटापट मरत. १९२० च्या सुमारास आर्नोल्ड थायलर यांनी हे कोडे उलगडले व गुरांना हाडांचा भुगा देवविला. भूक बरोबर होती, घास चुकीचा होता.

तेव्हा घोड्यापुढे साधे मीठ मोकळे ठेवावे. घोड्याची जीभ गुरांच्या जिभेसारखी खरखरीत नसते, म्हणून कठीण विटेपेक्षा सुटे मीठ बरे. शेजारी स्वच्छ पाणी हवेच. मळी घातलेली वीट तो गोडासाठी चाटतो, गरजेसाठी नव्हे. कॅल्शियमचा हिशेब मात्र माणसानेच करावयाचा. कोंडा कमी करावा, लसूणघास घालावा आणि पशुवैद्य सांगतील तेवढी चुनखडीची पूड द्यावी. पानाला लावतात तो चुना मात्र कदापि देऊ नये.

त्या घरी पशुवैद्यांनी येऊन हेच सांगितले. आजोबा प्रथम रुसले, मग स्वतःच लसूणघासाचा वाफा करून बसले. घोड्याची चाल आता पुष्कळ सुधारली आहे. तोंडाची सूज तेवढी तशीच आहे. ती बहुधा जाणार नाही, असे पशुवैद्य म्हणतात. वरातीत तो निघतो तेव्हा आजोबा त्याच्या तोंडावर झेंडूचा जाड मुंडावळा बांधतात.