तोडण्याआधी एकदा पाहा : जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचे मोल

जुन्या मालाच्या धंद्यात एक नियम सर्वांना पाठ असतो. यंत्र बंद पडले की त्याची किंमत वजनावर येते. मोटरचे तांबे वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, पत्रा वेगळा आणि उरलेला भाग उकिरड्यावर. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत हा हिशेब बरोबरच आहे. काही यंत्रे मात्र अशी आहेत की त्यांना तराजूत टाकले तर धंदेवाल्याचे नुकसान होते आणि ते त्याला कळतही नाही. व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे विजेवर धूळ ओढून घेणारे घरगुती यंत्र, हे त्यांपैकी एक.

अमेरिकेत आणि इंग्लंडात जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणारे शौकीन आहेत. काहींना यंत्र चालू स्थितीत हवे असते. पण पुष्कळ जण ते घेतात केवळ त्याच्या घडणीसाठी, रंगासाठी आणि आकारासाठी. आपण जसे जुने घड्याळ किंवा ग्रामोफोन दिवाणखान्यात ठेवतो, तसे ते हे यंत्र मांडून ठेवतात.

आमच्या बांधवांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. मुंबईत चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंचा व्यापार आमच्या अनेक बांधवांच्या हातात आहे. दारूखान्यात आणि गुजरातेत अलंगला तुटणाऱ्या परदेशी जहाजांतले सामान बाजारात येते. कोकणातली आमची माणसे आखातात नोकरीला गेली, तेव्हा तिकडची विजेची उपकरणे घरी घेऊन आली. १९८२ साली यूरेका फोर्ब्स कंपनी निघाली आणि तिच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून युरोक्लीन शहरांतल्या घराघरांत नेला. हा सगळा माल कधी ना कधी भंगारात येतो. त्यातले काय तोडावे आणि काय बाजूला ठेवावे, हे ओळखता यावे म्हणून हा लेख.

हे यंत्र देखणे कसे झाले

१९०१ साली इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ याने हवा ओढून सफाई करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र एवढे मोठे होते की घोडागाडीवरून आणून घरासमोर रस्त्यात उभे करावे लागे आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. घरात ठेवण्याजोगे यंत्र पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन शहरी तयार झाले. तिथे जेम्स मरे स्पँगलर नावाचा गृहस्थ एका दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नसे. त्याने पंखा, विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र बनवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

हे पेटंट विकत घेतले विल्यम हूवर याने. आमच्या कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावे, की हूवर हा चामड्याच्या मालाचा कारखानदार होता. घोड्याची खोगिरे आणि पट्टे हा त्याचा धंदा. मोटारगाड्या आल्या, घोडे कमी होणार, हे ओळखून तो नव्या मालाच्या शोधात होता. चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात हे यंत्र तयार होऊ लागले. पुढे ‘हूवर’ हे नाव इतके रुळले की इंग्लंडात यंत्राला आणि सफाईच्या कामालाही हूवरच म्हणू लागले.

पहिली यंत्रे कामाची होती, देखणी नव्हती. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने ‘मॉडेल पाच’ काढले. ते रोमन आकड्याने पाच लिहीत, म्हणून इंग्रजी ‘व्ही’ या अक्षरासारखे दिसते. हे यंत्र आडव्या नळकांड्यासारखे होते आणि बर्फावरच्या घसरगाडीसारख्या दोन पट्ट्यांवर जमिनीवरून सरकत असे. मग १९२९ ची मंदी आली. गिऱ्हाईक हात आखडून बसले. नुसते यंत्र चांगले असून भागेना. म्हणून कारखानदारांनी वस्तूचे बाह्यरूप ठरवणारे खास माणूस नेमायला सुरुवात केली. ज्या यंत्रांवर आज शौकिनांची नजर असते, त्यांतली अनेक या काळातली आहेत.

१९३६ चे हूवरचे ‘मॉडेल १५०’ हेन्री ड्रायफस याने घडवले. अमेरिकेतला १९३७ चा प्रसिद्ध काळा ‘३०२’ टेलिफोन घडवणारा तोच. मोटरचा सगळा पसारा त्याने बेकलाइटच्या एका गुळगुळीत टोपाखाली झाकला. १९३७ चे इलेक्ट्रोलक्सचे ‘मॉडेल ३०’ लुरेल गिल्ड याचे. ते पाहिले की वेगाने धावणाऱ्या आगगाडीचे इंजिन आठवते. क्रोमचा मुलामा, पॉलिश केलेले ॲल्युमिनियम, खाली तेच घसरपट्टे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने हे यंत्र आपल्या संग्रहात घेतले आहे.

१९५४ मध्ये हूवरने ‘कॉन्स्टेलेशन’ काढले. नावाचा अर्थ तारकासमूह आणि आकार गोल चेंडूसारखा. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला १९५७ मध्ये, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी. या यंत्राचे पुढचे नमुने बाहेर फेकलेल्या स्वतःच्याच हवेवर जमिनीपासून किंचित उचलले जात.

नवे यंत्र असले म्हणजे मोल नाही, असेही नाही. जेम्स डायसन या इंग्रजाने पाच हजारांवर नमुने करून पिशवी न लागणारे यंत्र सिद्ध केले. इंग्लंडात कारखानदारांनी पाठ फिरवली, तेव्हा १९८६ पासून ‘जी-फोर्स’ या नावाने ते जपानात विकले गेले. रंग गुलाबी, किंमत सुमारे दोन हजार डॉलर. त्याच्या १९९३ च्या ‘डीसी ०१’ मध्ये धूळ साठवण्याचे भांडे पारदर्शक होते. लोकांना घाण पाहायला आवडणार नाही, असा सल्ला त्याला मिळाला होता. पण भांड्यात साठलेली धूळ पाहूनच गिऱ्हाइकाची खात्री पटली. इंग्लंडातल्याच न्यूमॅटिक कंपनीने साध्या पिंपाच्या आकाराच्या यंत्रावर डोळे आणि हसरे तोंड काढले, त्याला ‘हेन्री’ नाव दिले आणि नळीलाच त्याचे नाक केले. रूप बदलले की मालाचे नशीब बदलते, याचा हा सरळ पुरावा.

दोन नजरा, दोन हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. भंगाराचा व्यापारी यंत्र उघडतो ते मोटरसाठी, कारण तांबे तिथे असते. वरचा बेकलाइटचा टोप तो फोडून टाकतो. त्याच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. बेकलाइट हा लिओ बेकलँड याने १९०७ मध्ये शोधलेला पदार्थ. जुनी काळी विजेची बटणे आणि होल्डर याचेच. हा एकदा साच्यात तापून घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. इतर प्लास्टिकसारखा त्याचा दाणा करून विकता येत नाही. म्हणून भंगारात त्याला भाव नाही.

शौकिनाचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. मोटर जळली असेल तर ती पुन्हा गुंडाळून घेता येते. पण टोपाला तडा गेला की तो पुन्हा वितळवून सांधता येत नाही आणि त्या साच्यातून नवा टोप निघणे कधीच बंद झालेले आहे. म्हणजे भंगारवाला जे ठेवतो त्यावाचून शौकिनाचे अडत नाही आणि भंगारवाला जे फेकतो तेच शौकिनाला हवे असते. हातोडा पहिल्यांदा पडतो तो नेमका या टोपावर. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी या लेखाचे काम झाले.

काय वेगळे ठेवावे

प्रत्येक जुने यंत्र मौल्यवान असते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ही यंत्रे लाखोंनी बनली आणि त्यांतली बहुतेक आजही सामान्यच आहेत. ती तोडली तर काही बिघडत नाही. पुढील खुणा दिसल्या तर मात्र थांबावे.

बेकलाइटचा किंवा ओतीव धातूचा अखंड टोप, क्रोमच्या पट्ट्या, घसरपट्टे, गोल किंवा अंडाकृती आकार, कापडी वेष्टणाची नळी, भरतकाम किंवा छापील नाव असलेली कापडी पिशवी, या पहिल्या खुणा. यंत्रावरची धातूची पाटी ही सर्वांत महत्त्वाची. तिच्यावर कंपनीचे नाव, मॉडेलचा क्रमांक आणि व्होल्टेज असते. पाटी गेली की यंत्राची ओळख गेली. ती उपटू नये आणि घासून अक्षरे पुसू नयेत.

दुसरी गोष्ट, यंत्राबरोबरचे सामान. नळ्या, ब्रश, चपटे तोंड, मूळ खोका, माहितीपुस्तिका, खरेदीची पावती, जे असेल ते एकत्र बांधून ठेवावे. पूर्ण संच आणि सुटे यंत्र यांच्या भावात मोठा फरक पडतो. वापरातच न आलेल्या यंत्राला तर वेगळाच मान आहे. अमेरिकन कलावंत जेफ कून्स याने १९८० च्या दशकात कोरी करकरीत व्हॅक्यूम यंत्रे काचेसारख्या पेटीत, ट्यूबलाइटवर ठेवून मांडली. पुढे त्या कलाकृती लिलावात दशलक्षावधी डॉलरला गेल्या. ते मोल कलावंताच्या नावाचे होते, यंत्राचे नव्हे, हे उघड आहे. पण न वापरलेल्या वस्तूचे आकर्षण किती असते, ते यावरून दिसते.

हात लावताना

जुने यंत्र चालते का, हे पाहण्यासाठी लगेच विजेला जोडू नये. वायरीवरचे जुने रबर कडक होऊन गळते आणि झटका बसतो. अमेरिकन यंत्र ११० ते १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते जोडले तर मोटर जळेल.

बेकलाइट किंचित साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावे, लगेच कोरडे करावे, पाण्यात भिजत ठेवू नये. थिनर लावू नये, तारेची घासणी वापरू नये. क्रोमला पॉलिश पेपर लावला की मुलामा उडतो. मूळ रंग फिका पडला असला तरी वरून नवा रंग मारू नये. आपल्याकडे माल चकाकला की गिऱ्हाईक खूश होते. या शौकिनांचे तसे नाही. त्यांना मूळ रंग, थोडा उडालेला का असेना, जास्त प्रिय असतो. आणखी एक धोका म्हणजे काही यंत्रांत वजन कमी राहावे म्हणून मॅग्नेशियम धातू वापरला आहे. उपरोक्त ‘मॉडेल १५०’ त्यांपैकीच. त्याचा कीस ग्राइंडरच्या ठिणगीने पेट घेतो आणि पाणी मारल्यास भडकतो.

कारागिरांसाठी काम

या शौकात केवळ व्यापाऱ्याचाच वाटा आहे असे नाही. निकेल-क्रोमचा मुलामा देणारा, बफिंगवाला, मोटर गुंडाळणारा, जुन्या नमुन्याबरहुकूम कापडी पिशवी शिवणारा शिंपी, नळीवरची वीण विणणारा पटवेकरी, चामड्याचा पट्टा करणारा, या सर्वांच्या हाताला यात काम आहे. यंत्र परदेशातले असले तरी हे हुन्नर आमच्या मोहल्ल्यांतून आजही जिवंत आहेत. अट एकच. नवा भाग केला तर त्याच्या आतल्या बाजूस आपली खूण आणि साल टाकावे. नकलेला नक्कल म्हणून विकण्यात कमीपणा नाही. अस्सल म्हणून विकली तर ती फसवणूक आहे.

व्यवहार

भाव ठरवताना विक्रेते काय मागतात ते पाहू नये, प्रत्यक्षात विक्री कितीला झाली ते पाहावे. माल जड असतो आणि बेकलाइट ठिसूळ. तेव्हा पॅकिंग आणि वाहतूक यांचा खर्च आधी काढावा, नाहीतर नफा भाड्यातच जायचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि खासगी व्यापाऱ्याला अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्यावा.

शेवटचे, पण सर्वांत वजनदार. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहंमद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही घटना आम्हा सर्वांना ठाऊक आहे. टोपाला तडा असेल, मोटर बदललेली असेल, तर त्याचा फोटो आधी दाखवावा. दुसरी शिकवण खरेदीच्या वेळची आहे. बाजारात येणारा काफिला वाटेतच गाठून, भाव कळू न देता माल घेण्यास मनाई आहे. एखाद्या घरातून वस्तू उचलताना तिचे मोल आपल्याला माहीत आहे आणि समोरच्या बाईला माहीत नाही, अशा वेळी तिला वजनाचा भाव देऊन निघून येणे धंद्याच्या हुशारीत बसेल, पण बरकतीच्या हिशेबात बसणार नाही. ओळखण्याची नजर ही मेहनतीने कमावलेली पुंजी आहे, तिचा मोबदला जरूर घ्यावा. मात्र समोरच्याच्या अज्ञानाचा मोबदला घेऊ नये.

गोदामात एखादे फळकूट रिकामे करावे आणि अशी यंत्रे आली तर निदान पाटी वाचून होईपर्यंत तिथे ठेवावीत. तोडायला वेळ कधीही आहे. तोडलेले जोडायला मात्र कोणाकडेच साचा नाही.